गिनतीत एक जास्त
फिनेलचा वास आला की हर्सूलच्या तुरुंगातली ती संध्याकाळ आठवते. नव्या शिपायांना कैद्यांची गिनती शिकवण्यासाठी व्हिडिओ करायचा होता, आणि एरवी लग्नं शूट करणारा मी तिथं कॅमेरा घेऊन गेलो होतो. कैद्याचं काम एका जुन्या हवालदारानं केलं. पांढरे कपडे आणि टोपी घालून तो फिनेलनं धुतलेल्या आवारात लिंबाखाली उकिडवा बसला, तलावाकडून वारा येत राहिला, पिवळी पानं त्याच्या खांद्यावर पडत राहिली. शूटिंग संपलं, मी वायरी गुंडाळू लागलो, तेवढ्यात, हवालदार उठायच्या आतच, खऱ्या गिनतीची घंटा झाली आणि कैदी येऊन त्याच्याच शेजारी रांगेत बसले. नवा शिपाई खाली झुकलेल्या टोप्या मोजत गेला, पुन्हा मोजत आला, तरी एक माणूस जास्तच भरला. एक कमी भरला तर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, जास्तीचं कुणालाच नाही. शेवटी जेलरसाहेबांनी हवालदाराला ओळखलं. शिपाई रडवेला झाला, "लई घाबरलो ना मामा, बोलायचं नाय का?" हवालदार मान खाली ठेवूनच म्हणाला, "गिनती चालू असताना बोलायचं नसतं, बाबा. मीच शिकवलंय समद्यांना." अजूनही तो वास आला की मी हातातलं काम थांबवतो, आणि जणू कुणीतरी मला मोजून पुढं जाईपर्यंत गप्प बसतो.