मागच्या सीटवर

आमचे सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी उभ्याने गेली: बंदोबस्तात, नाक्यावर, साहेबांच्या दाराशी. पायांची पार वाट लागलेली. सासूबाई गेल्यावर बायकोने हट्टाने त्यांना आमच्याकडे, या परक्या देशात आणलं. इथे ना त्यांना भाषा येत, ना बोलायला कुणी. दिवसभर खिडकीत बसून कंटाळायचे. संध्याकाळी एकट्याने मारलेला फेरफटका, तेवढंच काय ते त्यांचं स्वतःचं.

एकदा रस्ता चुकले, तेव्हा बायकोने सज्जड दम भरला, "बाबा, पुन्हा असं झालं तर एकट्यानं बाहेर जाणं बंद." वर पत्त्याची चिठ्ठी त्यांच्या खिशात कोंबली.

पुढच्या खेपेला ते चुकले नव्हते, नुसते थकले होते. पाय भरून आले म्हणून कुणाच्या तरी दारापुढच्या पायरीवर टेकले. घरवाल्याने थेट पोलिसांना फोन लावला. म्हातारा माणूस घटकाभर पायरीवर बसला तर कुणाचं काय बिघडतं, देव जाणे!

दोघे पोलीस आले. एक समोर उभा राहिला, एक जरा बाजूला. ही पद्धत सासऱ्यांच्या हाडीमाशी खिळलेली. त्यांनी कुणी सांगण्याआधीच दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले आणि "पाय, पाय" म्हणत राहिले. समोरच्यांना काही कळेना. शेवटी चिठ्ठी निघाली. पोरं भली होती. हाताला धरून त्यांनी सासऱ्यांना गाडीत मागे बसवलं.

"जन्मभर लोकांना त्या सीटवर बसवलं," ते नंतर मला म्हणाले. "दार आतून उघडत नाही म्हणजे काय, ते आज कळलं."

दारात पोलीस बघून बायको पांढरीफटक पडली. त्यांचे आभार मानून दार लावेपर्यंत तिने कसाबसा धीर धरला.

"बाबा, काही झालं असतं म्हणजे? मी काय करायचं होतं? किल्ली द्या इकडे."

रडत होती, पण हात पुढेच होता. मला तिचा रागही आला आणि कीवही.

सासऱ्यांनी खिशात हात घातला. किल्ली टेबलावर ठेवली. मग रुमाल, कंगवा, चष्मा, चिठ्ठी, एकेक काढून ओळीने मांडलं. नंतर कमरेचा पट्टा सोडायला लागले.

"अहो बाबा, पट्टा कशाला काढताय?"

"आत टाकण्याआधी काढून घेतात, पोरी," ते म्हणाले, आणि एका हाताने पँट सावरत आपल्या खोलीकडे निघाले.