मागचं डावं चाक

सरकारी शाळेचं पत्र आलं तेव्हा बायको पोट धरून हसली. पत्रात माझ्या नावाखाली ‘उद्योग तज्ज्ञ’ असं लिहिलं होतं. रामनगरात रस्त्याकडेला माझं गॅरेज आहे. तीस वर्षं ट्रकांचे ब्रेक करतोय, पण तज्ज्ञ म्हणून मला कुणी हाक मारली नव्हती. उलट आठवीत असाच एक सरकारी मास्तर म्हणाला होता, तुझं डोकं पुस्तकात चालायचं नाही, घरी जा. आता शाळाच म्हणत होती की आठवड्यातून दोन दुपारी या आणि मुलांना ऑटोमोबाइल शिकवा.

गेलो, आणि पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. विषयासाठी आलेली हत्यारं काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. पाने अजून तेलकट कागदातच. हेडमास्तर म्हणाले, तपासणीला सगळं जसंच्या तसं दाखवावं लागतं, एखादा पाना हरवला तर उत्तर कोण देणार? म्हणजे पोरांनी पाना धरायला काचेतून बघून शिकायचं. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजातली हत्यारं आणि माझी जुनी जीप शाळेच्या पटांगणात आणून उभी केली. कपाट तसंच राहिलं.

माझ्या गॅरेजात एक नियम आहे, माझ्या उस्तादानं घालून दिलेला. ज्यानं ब्रेकचं काम केलं, त्यानं पहिल्या फेरीला त्या गाडीत बसायचं. इथून गोव्याकडं घाट उतरतो. भरलेला ट्रक तिथं एकदा सुटला की देवही आडवा येत नाही. मला उस्तादानं माझ्याच हातच्या ब्रेकवर बसवून तो घाट उतरवला होता. खाली पोचेपर्यंत मी आवळलेला एकेक नट मनात आठवत होतो. त्यानंतर माझा हात कधी घाईत चालला नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. हेच शिकवायला मला बोलावलंय, असं मी समजत होतो.

दहावीत एक मुलगी होती. अणशीकडच्या जंगलातल्या वाडीची, इथं वसतिगृहात राहायची. चाकाचा ब्रेक-ड्रम उघडला की ती आधी वास घ्यायची आणि आतला ब्रेकचा लायनर जळालाय का ते पोरांच्या आधी सांगायची. तिला पुढं आयटीआयला जायचं होतं. बाप भात करणारा, जंगलात मजुरीला जाणारा. त्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं की शाळेतली माणसं म्हणाली हिला हे काम जमतंय, तर फॉर्मवर सही करीन. नाहीतर दहावी झाली की घरी. तो फॉर्म ती वहीत घालून फिरायची.

जिल्ह्याहून साहेब बघायला यायचे ठरले, तेव्हा मी तिच्या बापाला मुद्दाम बोलावून घेतलं. डोळ्यांनी बघू दे म्हटलं. जीपची चार चाकं चौघांत वाटून दिली, तीन पोरांना तीन आणि मागचं डावं तिला. साहेबांच्या समोर चौघांनी ड्रम उघडले, नवे लायनर बसवले, चाकं चढवली. मी ब्रेक दाबून बघितला. साहेबांचा चहा झाल्यावर म्हटलं, आता चौघं आत बसा, शाळेमागच्या उतारावरून जाऊन येऊ.

तिन्ही पोरं चढली. तिनं पाय वर ठेवला आणि हेडमास्तरांनी हात आडवा घातला.

“तू नको. मुलीची जात, सुम्मने, उगाच कशाला रिस्क?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, गाडी एकच आहे, ब्रेक गेला तर पोरं काय उडून जाणार आहेत? ते म्हणाले, पोरांचं वेगळं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की तिनं काम केलेलं आम्ही पाहिलंय, बसायची काही गरज नाही. आयुष्यात कधी पाना न धरलेली माणसं मला सांगत होती गरज कशाची आहे ते. मी किल्ली काढून खिशात घातली. म्हटलं, ती बसत नसेल तर गाडी जागची हलणार नाही. मग मी जे तोंड सोडलं ते सगळ्या शाळेनं ऐकलं. पोरांच्या जिवाची किंमत कमी आहे काय, तिच्या हातावर भरवसा नव्हता तर तिला चाकाला हात कशाला लावू दिला, सगळं बोललो. साहेबांनी शांतपणे तिच्या हातात पाना दिला, तिला जीपपुढं उभं केलं, फोटो काढला, मुली आता कशातच मागं नाहीत असं म्हणाले आणि निघून गेले.

बाप फाटकाजवळ उभा होता. ती तिथंच चिंधीनं हात पुसत होती. मी अजून धुमसत होतो. तिला म्हटलं, मनाला लावून घेऊ नको, ही माणसंच असली. तिनं मान वर केली.

“सायबांचं सोडा मामा. त्ये च्या पीत हुते तवा तुमी माझ्याच चाकाचे नट फिरून आवळून बघितलासा. पोरांचे न्हाई.”

असं काही नाही, असं म्हणणार होतो, पण खरं होतं. पाना घेऊन मी सरळ मागच्या डाव्या चाकाशी गेलो होतो. बाकीच्या तिन्हींकडं वळलोसुद्धा नव्हतो. आणि हे त्या एकाच दिवसाचं नव्हतं.

बापानं विचारलं, “खरं काय मेस्त्री?”

“व्हय.”

“ढिला निघाला काय एखादा?”

“न्हाई. एकबी न्हाई.”

“मग एकबी ढिला न्हाई, ह्ये सायबाला का न्हाई सांगितलासा?”

सांगितलं असतं तर तपासलं फक्त तिचंच, हेही माझ्याच तोंडानं सांगावं लागलं असतं. हेडमास्तराच्या अंगावर ओरडणं त्यापेक्षा सोपं होतं. तो माझ्या उत्तरासाठी थांबला.

“तुमास्नीच तिचा इस्वास न्हाई,” तो म्हणाला, “तर मी कुणाच्या जिवावर धाडू तिला?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त विचारत होता. फॉर्मवर त्यानं सही केली नाही.