कानबाईने पंगतीला बसवलेला वैरी

गेल्या श्रावणात माझं देवाशी बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं, तर भांडायलासुद्धा समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते. माझी तीही संपली होती. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, पत्र्याखाली, मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो. मागच्या गल्लीत कापडाच्या लूमचा खडखडाट चालू असायचा, आणि मला वाटायचं, बरं आहे, निदान आपल्याच डोक्यातला आवाज ऐकू येत नाही. दाढी वाढली होती, अंघोळीचाही कंटाळा यायचा. आई जेवायला बोलवायची, चार वेळा बोलवून गप्प व्हायची. घरातल्या कुणाची माझ्याशी धड बोलायची हिंमत उरली नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, मला तेच हवं होतं.

मी फुटबॉल खेळायचो. शौक म्हणून नव्हे, पोटासाठी. स्ट्रायकर होतो. वडील खानदेशातल्या साक्रीकडच्या खेड्यातून लूमवर कामाला सुरतेत आले, आम्ही इथेच वाढलो. शाळेतल्या सरांनी माझा पाय पाहिला आणि मला बाहेर पाठवलं. मग गोवा, कोलकाता, केरळ, जिथे क्लब घेईल तिथे. मोठ्या लीगमध्ये नाही, त्याखालच्या. तरी महिन्याला पगार, अंगावर नंबर असलेला शर्ट, आणि गोल झाला की अनोळखी माणसं आपलं नाव घेऊन ओरडतात, हे मी भोगलं आहे. गल्लीतले लोक चिडवायचे, ‘खानदेशी पोऱ्या आणि फुटबॉल? टांग तुटेल तेव्हा कळेल.’ मी हसायचो. मैदानात शिरताना चुन्याच्या रेघेला हात लावून कपाळाला लावायचो आणि कानबाईचं नाव घ्यायचो. ती आमची खानदेशची देवी, आमची आई. तिने आपला पाय राखलाय, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नव्हती.

मग ती मॅच आली. समोरच्या संघाचा डिफेंडर बंगालचा होता, तपन नावाचा. चेंडू मी केव्हाच पुढे सरकवला होता, तरी तो बाजूने घसरत आला आणि त्याचा बूट माझ्या गुडघ्यावर बसला. आतून काहीतरी तटकन तुटलं, ते मला ऐकू आलं. रेफरीने त्याला पिवळं कार्ड दाखवलं, झालं, एवढीच त्याची शिक्षा. माझं ऑपरेशन झालं, पुढचं वर्षभर मी लहान मुलासारखं चालायला, मग पळायला शिकलो. पुन्हा क्लबाच्या मैदानावर उतरलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात, आजूबाजूला कुणी नसताना, नुसतं वळताना गुडघा परत गेला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, ‘चालाल, जिने चढाल, संसार कराल. खेळायचं मात्र विसरा.’ क्लबने करार पुढे केला नाही. एकोणतिसाव्या वर्षी मी बॅग घेऊन सुरतेला उतरलो, आणि त्या बॅगेत बुटांचे तीन जोड होते.

पडून राहणाऱ्या माणसाला काहीतरी धरून ठेवायला लागतं. मी तपनचा चेहरा धरून ठेवला होता. सकाळी डोळे उघडले की तो, झोपताना तो. त्याचंही असंच वाटोळं व्हावं, त्याचाही पाय मोडावा, असले शाप मी त्याला देत बसायचो. लाज वाटण्यासारखंच आहे, पण त्या दिवसांत माझ्यात जी काही धग होती ती तेवढीच. ती विझली तर मी उठेन कशासाठी, हेच मला कळत नव्हतं. जगून करायचं काय, हा विचार येऊन जात नसे, मुक्कामालाच असे.

अशात कानबाईचा सण आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही खानदेशी लोक नारळाला नथ, दागिने घालून कानबाई म्हणून घरात बसवतो, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतो. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घेतात, त्याच पिठाचे रोट करतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला रोटाचा तुकडाही द्यायचा नाही, सांडलेला कणसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि भाऊबंदांत वर्षभर कितीही हाणामारी झालेली असली, तरी रोटाच्या पंगतीला सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बसायचं. आमचे दोन चुलते घराच्या भिंतीच्या वादावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते त्या दिवशी एकमेकांना वाढायचे.

आई गहू घ्यायला बसली तेव्हा मी जिन्यावरून म्हणालो, ‘माझ्या नावाचे घेऊ नकोस. मी मेलो असं समज.’ आईचा हात थांबला. ती चिडली की घरची अहिराणीच तोंडात येते. ‘तुनं नाव लेवाले तुले इचारू का मी?’ तुझं नाव घ्यायला तुला विचारू का मी, एवढंच म्हणाली, आणि मला दिसेल अशी भरगच्च मूठ तिने सुपात टाकली. मी वर निघून गेलो. ती खाली रडत असणार हे मला समजलं, तरी मी उतरलो नाही.

रविवारी सुरतेतल्याच बमरोलीहून, भेस्तानहून सगळे भाऊबंद आले. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांची गाणी चालली होती, पुरणाचा वास वरपर्यंत येत होता. मी उशी डोक्यावर दाबून पडलो होतो. आरती सुरू झाली तेव्हा मात्र आतून संताप उसळला आणि माझा अबोला सुटला. प्रार्थना नव्हती ती, टोमणाच होता. मी कानबाईला म्हटलं, ‘एवढं मिरवतेस ना खाली? माझ्याशी तुझं काही नातं असेल तर दाखव. नसेल तर सोड मला, मी माझं बघतो.’ माझं बघतो म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असणार.

थोड्या वेळाने आईने जिन्याखालून हाक मारली, ‘खाले ये रे, कोन उना देख!’ तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी आनंद होता. कोण आलंय ते बघ, म्हणत होती. त्या आवाजाखातर मी भिंत धरत धरत उतरलो. पुरुषांची पंगत बसली होती. शेवटच्या पाटावर एक उंच, काळासावळा माणूस मान खाली घालून रोट खात होता. त्याने मान वर केली. तपन!

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी ओरडलो, ‘याला कुणी बसवलं इथे? याने माझा पाय मोडलाय!’ तपन उठून उभा राहिला, अर्धा रोट हातात तसाच. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, ‘हम माफी माँगने आया था, दादा. माँ ने बिठा दिया.’ झालं होतं असं. त्याचा थोरला भाऊ सुरतेतच, लिंबायतला, साड्यांच्या भरतकामाच्या मशीनवर असतो, त्याच्याकडे तो आला होता. माझ्या जुन्या क्लबातून पत्ता मिळवून आमच्या दाराशी उभा राहिला, आणि आत शिरायचं धाडस होईना. आईने बघितलं, परक्यासारखा बाहेर का उभा? त्याने चप्पल काढली, कानबाईला हात जोडले, वाकून आईच्या पायांना हात लावला. आईला वाटलं, गावाकडच्या कुठल्या तरी चुलत घरचा पोरगा. त्या दिवशी आमच्या दारात भाऊबंदांखेरीज येतो कोण? आणि हल्लीची पोरं हिंदीच बोलतात. तिने हाताला धरून त्याला पाटावर बसवलं आणि रोट वाढला.

आता आईच्या तोंडचं पाणी पळालं. काकूने कपाळावर हात मारला. परक्याने रोट खाल्ला होता, आणि परका तरी कोण, तर हा! सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पा म्हणजे माझे सगळ्यात थोरले काका. रोटाच्या बाबतीत महाकडक माणूस. एकदा शेजारच्या घरी रोटाचा तुकडा गेला म्हणून त्यांनी वर्षभर माझ्या काकूशी बोलणं टाकलं होतं. ते याला हाकलणार, मनात म्हटलं, आता बघ मजा. आप्पांनी कानबाईकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘तिचा रोट आजवर परक्याच्या पोटात गेला नाही. आज गेला असेल, तर हा परका नाही. ती चुकायची नाही, आपल्यालाच कळायचं राहिलं असेल.’ आणि तपनला हाताने खूण केली, ‘बठ भो, पुरं खाय.’ मग माझ्याकडे वळून, त्याच आवाजात, ‘तू बी बठ. भाऊबंद शे तो आते.’ तो आता भाऊबंद आहे, म्हणत होते.

‘मी नाही बसणार,’ म्हणत मी जिन्याकडे गर्रकन वळलो. नको तेवढ्या जोरात. गुडघ्याने दगा दिला आणि मी कोसळलो, पण जमिनीवर पोहोचलो नाही. पंगत ओलांडून तपनने मला काखेतून धरलं होतं. मैदानात पडलेल्याला खेळाडू उचलतात ना, तसंच, दुखऱ्या पायावर भार येऊ न देता. मी त्याला ढकलायला हात उचलला आणि तो हात त्याच्या खांद्यावरच राहिला. आणि मग मी रडलो. ऑपरेशनला रडलो नव्हतो, करार गेला तेव्हा रडलो नव्हतो. भाऊबंदांच्या भरल्या पंगतीत, माझा पाय मोडणाऱ्याच्या गळ्यात पडून, मी हंबरडा फोडला. कुणी मला थांबवलं नाही.

त्याने मला पाटावर बसवलं. माझा गुडघा मुडपत नाही हे त्याला सांगावं लागलं नाही, त्याने स्वतःचा पंचा गुंडाळून गुडघ्याखाली सारला. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘दादा, उस दिन के बाद हम किसी को टैकल नहीं कर पाया. पैर उठता ही नहीं.’ समोरून कुणी चेंडू घेऊन आला की त्याला माझी किंकाळी ऐकू यायची. डिफेंडर असा अडखळायला लागला तर त्याला ठेवणार कोण? त्याच्या क्लबने त्याला काढलं होतं. आता तो भावाबरोबर मशीनवर बसणार होता. मी ज्याचं वाटोळं मागत होतो त्याचं वाटोळं केव्हाच झालं होतं, आणि ते ऐकून मला तिळमात्र बरं वाटलं नाही. आम्हा दोघांचे पाय एकाच क्षणी गेले होते. आईने माझ्यासमोर रोट ठेवला. मी खाल्ला.

सोमवारी कानबाईला तापीवर नेलं. मी घराबाहेर पडलो, तोही आला. घाटाच्या ओल्या पायऱ्या मला एकट्याने उतरता आल्या नसत्या, तपनच्या खांद्यावर हात टाकून उतरलो. पाण्यात आई शेजारी उभी होती. इतके महिने कुणी विचारलं तर मी म्हणायचो, ‘जरा आराम चाललाय, पुढच्या सीझनला बघू.’ डॉक्टरांचं बोलणं मी घरात सांगितलंच नव्हतं. त्या पाण्यात उभं राहून पहिल्यांदा ते तोंडातून निघालं. ‘माय, मनं खेळनं सरनं.’ आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओंजळभर पाणी घेऊन माझ्या डोक्यावर घातलं आणि म्हणाली, ‘सरनं ते सरनं. तू शे ना माले.’ खेळ संपला तर संपला, तू आहेस ना मला. आजवर माझ्या कुठल्याही गोलाला ती यापेक्षा जास्त काही बोलली नव्हती, आणि मला वाटलं, पायाखालची वाळू सरकतेय तरी मी उभा आहे.

याला कुणी योगायोग म्हणेल, म्हणो. मला वाद घालायचा नाही. गुडघा बरा झाला नाही, होणारही नाही. टीव्हीवर मॅच लागली तर मी अजून उठून जातो. कापड मार्केटात पार्सलच्या कामाला लागलोय, त्यात मन रमतं असं म्हणणार नाही. तपन रविवारी येतो, आईच्या हातचं खातो, तिला ‘माँ’ म्हणतो, आणि आम्ही दोघं फुटबॉल सोडून सगळं बोलतो. मी पाय मागत होतो, ते तिने दिले नाहीत. का दिले नाहीत, हे मी आता विचारत नाही, विचारून विचारून थकलो आणि थकल्यावरच जरा शांत झालो. पण ज्या दिवशी मी माझं बघायला निघालो होतो, त्या दिवशी तिने दारात माणूस आणून उभा केला, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तिचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

अजूनही कितीतरी सकाळी उठावंसं वाटत नाही. जुनं सगळं परत येतं. मग कसाबसा उठून बसतो, पाय जमिनीला टेकवतो आणि कानबाईला म्हणतो, आई, आज उठवलंस. उद्याचं तू बघ.