दोनदा ठोकलं की थांब

दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन’ लिहायचं ठरलंय हे मला रंगाऱ्याकडून कळलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर इतकी वर्षं काकांचं बाजारातलं नाव होतं, दोरीमास्तर. त्याखाली बारीक अक्षरात, जुन्या गाड्यांच्या काचा बसवून मिळतील. आता पाटी नव्यानं रंगवायची होती आणि दोरीमास्तरच्या शेजारी हा सन येऊन बसणार होता. सन म्हणजे काकांचा मुलगा, माझा मावसभाऊ, आमचा दादा. विमा कंपनीत नोकरीला. गॅरेजमध्ये आला की आधी खुर्ची पुसतो आणि मग बसतो. जन्मात त्यानं एक काच बसवलेली नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याच्या बोटाला निदान पीठ तरी लागतं, याच्या बोटाला तेही लागलेलं नव्हतं.

आणि जिनं तीस वर्षं त्या दुकानातली प्रत्येक काच आपल्या तळहातानं बसवली, ती माझी मावशी पाटीवर कुठे? कुठेच नाही.

मावशी या धंद्यात आली तीच मुळी दोन मिनिटांसाठी. लग्नाला महिना होत नाही तोच काकांचा मदतनीस भांडून निघून गेला. काच अर्धी बसलेली, गिऱ्हाईक दारात. काकांनी मागच्या खोलीत डोकावून सांगितलं, दोन मिनिटं हात लावायला ये. मावशी हातातलं धुणं तसंच बादलीत टाकून गेली. ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत. मधल्या काळात तिला एक मुलगा झाला, सासू-सासऱ्यांची आजारपणं झाली, गुडघे दुखायला लागले, पण रोज सकाळी हाक तीच, दोन मिनिटं हात लावायला ये.

हल्लीच्या गाड्यांची पुढची काच सरळ चिकटवून टाकतात. जुन्या गाडीचं तसं नाही. तिथे काचेला चहूबाजूंनी जाड रबर असतं आणि त्या रबराच्या ओठाखाली पत्र्याची कड बसावी लागते. त्यासाठी रबराच्या खाचेत दोरी घालतात, साबणाचं पाणी लावतात आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवतात. मग एक माणूस गाडीत बसून दोरी ओढतो. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. आतल्या माणसाचं काम एवढंच. बाहेरच्यानं मात्र दोरी जिथे निघतेय बरोबर तिथे तळहात दाबत सरकायचं असतं. कमी दाबलं तर ओठ चढत नाही, जास्त दाबलं तर काच जाते. वरच्या कोपऱ्यांत तर काच आधी ताण घेते आणि मग रबर मानतं. तो ताण आत बसलेल्याला कळत नाही. तो फक्त बाहेरच्या हाताला कळतो.

मावशीच्या हाताला तो कळायचा. हातही तसाच, रुंद आणि गादीसारखा. तिनं पाठीवर शाबासकी दिली की माणूस एक पाऊल पुढे जातो. ओरखडा पडेल म्हणून तिनं कधी बोटात अंगठी घातली नाही. काच ताणली की ती बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा ठोकायची, आणि काका थांबायचे. दाब सारखा झाला की एकदा ठोकायची, आणि काका ओढायला लागायचे. गिऱ्हाइकं विचारायची, वहिनी काचेवर काय वाजवतात? काका हसून सांगायचे, “तिला आपली ठोकायची सवय आहे. मी माझ्या अंदाजानं ओढतो.” गिऱ्हाइकं त्या अंदाजाचं कौतुक करायची आणि मावशीकडे चहा मागायची. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी माझा जीव चडफडला आहे. काका वाईट माणूस नाही. त्यांना खरंच तसं वाटायचं, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

मी मावशीला विचारलं, पाटीचं तुला माहीत आहे का. तिला माहीत होतं. तिनं काकांना विचारूनही झालं होतं. काका म्हणाले होते, “अगं, तू घरचीच आहेस. तुझं काय लिहायचं?” जणू दादा शेजारच्यांचा होता! काकांचं म्हणणं, अँड सन लिहिलं की दुकानाला भारदस्तपणा येतो, गिऱ्हाइकाला वाटतं पुढची पिढी तयार आहे. मावशी त्यावर वाद घालत बसली नाही. ती एवढंच म्हणाली, की मग यापुढे सनच हात लावेल.

नेमकी त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. बाटलीच्या रंगाची हिरवी, त्यांच्या वडिलांच्या वेळची, पुढची काच दोन्ही बाजूंनी वळलेली. तशी काच आता कुणी बनवत नाही. डॉक्टरांनी चार वर्षं भंगारवाल्यांच्या पायऱ्या झिजवून एक मिळवली होती आणि रजईत गुंडाळून मांडीवर घेऊन आले होते. ही गेली तर दुसरी नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि काकांनी नेहमीप्रमाणे निर्धास्त राहा म्हटलं. मागे वळून मावशीला हाक मारली, दोन मिनिटं हात लावायला ये. मागच्या खोलीतून उत्तर आलं, सनला बोलवा.

काकांना वाटलं राग आहे, उतरेल. तो उतरला नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी दादाला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच सकाळी रंगारीही शिडी लावून पाटीवर चढला होता. ‘दोरीमास्तर’ रंगवून झालं होतं, ‘अँड’ चालू होतं. डॉक्टर फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. मावशीनं स्टूल बाहेर आणलं आणि गाडीसमोर बसली. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि हळूच म्हटलं, आज काही झालं तरी उठायचं नाही. ती म्हणाली, गप उभी राहा.

रबर उन्हात ठेवून मऊ केलेलं होतं. दोरी घातली, साबणपाणी लावलं, काच टेकवली. काका आत बसले आणि ओढायला लागले. खालची बाजू छान बसली. दादाचा चेहरा खुलला, त्यानं डॉक्टरांकडे बघून मानही हलवली. एक बाजू चढली, तीही ठीक. मग दोरी वरच्या कोपऱ्याकडे वळली. दादा बोटांच्या टोकांनी दाबत होता आणि तेही एक वीत मागे. रबर अडलं. काका ओढतच राहिले. का थांबतील? थांब म्हणून ठोकणारं कुणी नव्हतंच.

मला काचेतलं काही कळत नाही. पण मावशीचे हात पदरातून बाहेर आलेले मला दिसले. तिच्याकडे बघून मला कळलं की काच आता जाणार. ती उठली नाही तर काच जाणार, डॉक्टरांचे डोळे भरून येणार आणि दुकानाचं नाव मातीत मिळणार. उठली तर काच वाचणार आणि पाटीवर सन बसणार. मी तिचा खांदा धरला. तिनं माझा हात झटकला, दादाला कोपरानं बाजूला सारलं, कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि पेरानं काचेवर दोनदा ठोकलं.

काकांचे हात जागच्या जागी थांबले. बघायला वेळ नव्हता, विचार करायलाही नव्हता. आधी हात थांबले आणि मग त्यांनी मान वर केली. आतून त्यांचा वैतागलेला आवाज आला. “का थांबवलंस?”

“मी कुठे थांबवलं?” मावशी म्हणाली. “मला आपली ठोकायची सवय आहे.”

शिडीवरच्या रंगाऱ्याचा ब्रश हवेतच राहिला. काकांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या मावशीकडे. आपण आत्ता काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. चेहरा उतरला. ते दोरी सोडू शकत नव्हते, सोडली तर रबर उलटलं असतं. मावशीही हात काढू शकत नव्हती. पण तिला घाई नव्हती.

“आधी वर काय लिहायचं ते सांगा,” ती म्हणाली.

काका काहीतरी पुटपुटले.

“ऐकू येत नाही. मध्ये काच आहे.”

“अँड फॅमिली लिहू,” काका जरा मोठ्यानं म्हणाले. मला त्या क्षणी ती साबणाची बादली त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. मावशीनं नुसती मान हलवली. नाही. साबणाचं पाणी कडेकडेनं वाळायला लागलं होतं. डॉक्टर हात जोडून काकांकडे बघत होते. दादानं, त्याचं भलं होवो, स्वतःच म्हटलं, “बाबा, माझं नका लिहू. मला लाज वाटते.”

तेव्हा काकांनी दोरी न सोडता गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रंगाऱ्याला ओरडून सांगितलं, की अँडच्या पुढे तुझ्या वहिनीचं नाव लिही. समोरच्या टायरवाल्यानंही ते ऐकलं.

रंगारी घुटमळला. इतकी वर्षं वहिनींच्या हातचा चहा पितोय, म्हणाला, पण वहिनींचं नाव काय?

हे त्यालाच काय, त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. काका तिला अगं म्हणत, गल्ली वहिनी म्हणे. काकांनी नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. रंगाऱ्याला नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी परत एकदा, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. ज्याला हवं असेल त्यानं पाटीखाली उभं राहून वाचावं. तीस वर्षं कुणी विचारलं नाही, आता थोडं चालत या.

पहिलं अक्षर पाटीवर उमटेपर्यंत मावशी मान वर करून बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यावर ओंजळभर साबणपाणी टाकलं, तळहात घट्ट रोवला आणि काचेवर एकदा ठोकलं.