पूर्वेच्या उजवीकडे दक्षिण

यमुनाबाय गेल्याचा फोन आला आणि मी बोईसरहून मिळेल त्या रिक्षाने तिचं गाव, नवापूर, गाठलं. ओटीवर तिला भुईवर निजवलं होतं, तोंड आढ्याकडे. आणि मी वेडी, रडायचं सोडून समुद्र कुठल्या बाजूला ते पाहत बसले...

तिच्या मुलाचं बिऱ्हाड बोईसरला आमच्याच मजल्यावर, ती तिथेच असायची. मी सांगलीकडची, नवरा कारखान्यात पाळीवर, दिवसभर भिंतींशी बोलायचं. एके दुपारी दारात येऊन ती म्हणाली, "बाय, आमाला चौथी पायजे." तिचा नवरा जहाजावर खलाशी होता, त्याने आणलेल्या माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या तिने माझ्याच टेबलावर पसरल्या. चौघी बायका, चार दिशांचे चार वारे. सोंगटीवर जो वारा निघेल ती तुमची जागा. पूर्वेने फासे टाकून डाव सुरू करायचा, मग तिच्या उजवीकडची दक्षिण, समोरची पश्चिम, शेवटी उत्तर. पूर्व हरली की तो मान उजवीकडे सरकतो.

मी तिथेच अडले. "पूर्वेला बसून समुद्राकडे पाहिलं तर उजव्या हाताला उत्तर येते. हे सगळं उलटं आहे!"

"उलटा नाय गो." तिने वर्तमानपत्रावर खेळाच्या चार दिशा लिहिल्या, मला सतरंजीवर उताणं निजवलं आणि कागद माझ्या तोंडावर, अक्षरं खाली करून, धरला. पश्चिम समुद्राकडे, पूर्व डोंगराकडे... चारही दिशा जिथल्या तिथे! "आमचा मानूस सांगायचा, ह्यो आभालाचा नकाशा हाय. खालून बगायचा." रोज जेवतो त्या टेबलावर आभाळ मांडून आम्ही चहा पीत होतो.

मग कित्येक दुपारी तशाच गेल्या. तिला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी पूर्व तिची होती, आणि ती हरली. उजवीकडे मी. फासे माझ्यापुढे सरकवत हसून म्हणाली, "घे, आता तुजी पाली."

ती गेल्यावर सोंगट्यांची पेटी उघडायचा कुणालाच धीर होईना. तिघींचा खेळ तिला कधीच मान्य नव्हता. आता तो तिच्याबरोबरच संपला, असं मनाशी धरून बसले होते. गेल्या आठवड्यात तिची सून प्रणाली स्वतःच पेटी घेऊन आली. सासूच्या रिकाम्या खुर्चीत बसली, वारे मांडले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काकी, हितं उजवीकडं दक्षिण कशी? चुकलाय काय?"

मी उठले, सतरंजी अंथरली.

"नीज," म्हटलं, आणि वर्तमानपत्र हातात घेतलं.