टर्की अविनाशकडेच का जातात?

शिकारीला गेलं की पिशवी रिकामी आणि किस्से भरपूर, हा आमचा अनुभव.

कोविडच्या काळात ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिन भागात घरून काम करून मी आणि ऑफिसातला मित्र अविनाश इतके कंटाळलो, की दोघांनी रीतसर शिकारीचं लायसन्स काढलं. यास गावाच्या पुढे ग्रॅहम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात टर्की पक्षी होते. त्याच्या आजोबांच्या खुराड्यातून पळालेल्यांचे वंशज. आता पक्के रानटी आणि महासंशयी!

"नो वरीज मेट, हवे तेवढे न्या," ग्रॅहम म्हणाला. हवे तेवढे!

* * *

वसंतात मादीचा आवाज काढला की नर येतो. त्यासाठी एक लाकडी डबी मिळते, तिचं झाकण कडेवर घासायचं. मी तीन महिने गॅरेजमध्ये घासली. एकदा मीटिंगमध्ये म्यूट करायला विसरलो.

मॅनेजरने काळजीने विचारलं, "एव्हरीथिंग ओके ॲट होम?"

अविनाशने लगेच तोच आवाज नुसत्या तोंडाने काढून दाखवला. त्याला टाळ्या, मला काउन्सेलिंगचा नंबर!

* * *

पहिल्याच सकाळी मी तासभर डबी घासली. पलीकडच्या टेकडीवरून नर उत्तर द्यायचा, पण पाऊल पुढे टाकेना. तेवढ्यात अविनाशला ठसका लागला. सगळं जग तेव्हा खोकल्यापासून पळत होतं. हा टर्की धावत आला, तोही त्याच्याकडे!

अविनाशने त्या टर्कीचं अर्धं मटण आमच्याकडे पाठवलं. बायकोने, नीलिमाने, गोडा मसाला घालून रस्सा केला. मी तीनदा वाढून घेतला आणि म्हणालो, "जरा चिवटच आहे."

* * *

पुढच्या वेळी चिडून मी एकटाच निघालो. गवतात एक मादी दिसली. म्हणजे नर जवळच असणार! अर्धा तास पोटावर सरपटत गेलो, बंदूक उचलली.

"अरे थांब! ती प्लास्टिकची आहे!"

तिच्या मागच्याच झुडपातून अविनाश दोन्ही हात वर करून उभा. नराला भुलवायला त्यानेच ती ठेवली होती.

मी काडतुसं काढून टाकली. "सॉरी," मी म्हणालो, "तुझ्या आधी पोचायचं होतं." त्याने थर्मासमधला चहा आधी मला दिला.

* * *

वसंतातल्या शेवटच्या रविवारी नीलिमा पिकनिक म्हणून सोबत आली. मी झाडाआड दबा धरून बसलो होतो. तिने गाडीपाशी डबे उघडले आणि हाक मारली, "अहोऽऽ!"

टेकडीवरून नराने उत्तर दिलं.

"अहोऽऽ, जेवायला या!"

पुन्हा उत्तर. या वेळी जवळून! मी श्वास रोखला. झुडपातून भलामोठा नर निघाला, माझ्याकडे न बघता थेट गाडीकडे गेला आणि तिच्यासमोर पिसारा फुलवून उभा राहिला.

मी बंदूक घेऊन हळूच पुढे सरकलो, तसा तिने हात आडवा केला.

"मारू नका हो," ती म्हणाली. "हाक मारल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी लगेच आलंय!"