चाळीसपैकी चाळीस, प्रगती शून्य

घाटावरून बदली होऊन बोईसरजवळच्या शाळेत आले आणि मला चौथीचा वर्ग मिळाला. दिवाळीआधीच्या पहिल्या संकलित मूल्यमापनात, म्हणजे सत्र परीक्षेत, एका मुलीला गणितात चाळीसपैकी चाळीस पडले. मी हौसेने सगळे देऊन टाकले.

एप्रिलमध्ये दुसरं संकलित झालं. पुन्हा चाळीस. गुण ऑनलाइन तक्त्यात भरले, तर तिच्या नावापुढे आलं, 'प्रगती शून्य'. तक्ता बिचारा दुसऱ्या सत्रातून पहिलं वजा करत होता. चारावरून अकरावर गेलेला मुलगा 'लक्षणीय' ठरला आणि ही मागे पडलेल्यांच्या यादीत. त्या यादीला मे महिनाभर बेरीज-वजाबाकीचा जादा तास. नेमका त्याच वेळी शेजारच्या खोलीत शिष्यवृत्तीचा सराव, ज्यासाठी ही पोरगी दिवाळीपासून माझ्या मागे लागली होती.

मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, पहिल्या सत्रात हात आखडता ठेवायचा असतो! सगळे आधीच दिलेत, आता मुलीने प्रगती करायची कुठे?"

"मग एक्केचाळीस देऊ का?" मी चिडून म्हणाले.

त्यांनी खरंच टाकून पाहिले. तक्ता घेईना.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई मासळी विकून, रिकामी टोपली घेऊन थेट वर्गात आली. "बाई, पोरगी हुशार हाय ना? मंग ढ पोरांत कशाला बसवता?"

मी तिला तक्त्याची वजाबाकी समजावली.

"म्हंजे दिवाळीला थोडी ढ असती, तर आता हुशार झाली असती?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

एकच वाट होती, पहिल्या सत्राचे गुण कमी करायचे. पण गुण बदलायचे तर तक्त्याला तपासलेला पेपर जोडावा लागतो, म्हणजे पेपरातही चूक हवी. मी मुलीला बोलावून सगळं सांगितलं, पेपर आणि खोडरबर पुढ्यात ठेवलं. तिने पानं उलटली, पुन्हा उलटली.

"बाई, यातलं मला काय येत नाय, ते तुमीच सांगा."

मला तिच्याकडे बघवेना. शेवटी मीच एका गुणाकारावर लाल फुली मारली. यादीतून नाव निघालं, सराव मिळाला. ती खूश होऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. फुलीशेजारी पेन्सिलीने तोच गुणाकार तिने पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

"बाई," तिने हळूच विचारलं, "हे बरोबरच हाय ना?"